डब्यातला पहारेकरी

ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबच्या आम्ही दोघांनी पट्ट्या कापल्या, ते आमचं सोबतचं शेवटचं काम. विहिरीवरचा लोखंडी पाइप जोडात गळत होता. अशा गळतीला रबराची पट्टी आवळून बांधली की दोन-तीन महिने बघायला नको. बायको ट्यूबचं एक टोक पायाखाली दाबून दुसरं हातात ताणून धरत होती आणि मी चाकू ओढत होतो.

"चाकू नीट धरा, बोट कापाई जाई."

"मी काय आज शिकी ऱ्हायनू का?"

"शिकनात कव्हय? ही दखा. ही पट्टी शे का उंदीरनी शेपटी?"

पट्टी खरंच एका टोकाला रुंद आणि दुसऱ्या टोकाला दोऱ्याएवढी निघाली होती. मला हसू आलं, ते मी गिळलं. चाळीस वर्षांत तिच्या बोलण्यावर मी तिच्यासमोर हसलो नाही. गोठ्यात जाऊन हसायचो. बाईला समोर हसून दाखवलं तर ती डोक्यावर बसते, असं माझ्या बापाचं म्हणणं होतं आणि मी ते पाळलं.

आमच्या विहिरीवरच्या स्टार्टरला मोबाइलचा डबा जोडलेला होता. पांढरा, वहीएवढा, आत सिमकार्ड. त्याला आपल्या फोनवरून फोन लावायचा, आतली बाई बोलते, आपण आकडा दाबायचा. एक दाबला की मोटार चालू, दोन दाबला की बंद, तीन दाबला की ऑटो. ऑटो म्हणजे लाइट गेली आणि परत आली की मोटार आपली आपण सुरू होते. ऑटो काढायचं तर चार दाबायचा. आमच्याकडे लाइट दिवसातून दहा वेळा जाते-येते, म्हणून जो तो ऑटो चालूच ठेवतो.

माझ्या बापाने मला कामाची एक गोष्ट शिकवली होती. वायरजवळ हात घालायच्या आधी पेटीतल्या तिन्ही फ्यूजच्या ग्रिपा उपसायच्या आणि खिशात घालायच्या. पेटीवर ठेवायच्या नाहीत, खिशातच. मग कोणी दीडशहाणा आला तरी मोटार लावू शकत नाही. डबा आल्यापासून मी ग्रिपा काढणं सोडलं. फोन लावला की ती बाई सांगायची, "आपली मोटार बंद आहे." एवढ्या गोड आवाजात आमच्या घरात कोणी बोलत नव्हतं. माझा विश्वास बसला.

त्या दिवशी लाइट गेलेली होती. पट्ट्या खांद्यावर टाकून ती विहिरीकडे निघाली आणि चार पावलं जाऊन थांबली.

"ऑटो बंद करं ना?"

"करं, करं," मी म्हणालो.

केलं म्हणून सांगितलं, पण मी फोनला हातसुद्धा लावला नव्हता. फोन बाभळीला टांगलेल्या पिशवीत होता, उठावं लागलं असतं. एवढंच कारण आहे. मी मागून पुष्कळ शोधलं, दुसरं सापडलं नाही.

ती पाइपापाशी उकिडवी बसली. पाइपाच्या कडेने मोटारीची केबल विहिरीत उतरते. तिला एका जागी जोड होता आणि त्यावरची चिकटपट्टी भिजून सुटलेली होती. मी बाभळीखाली बसून चाकूला धार लावत होतो. पेटीवरचा लाल दिवा लागला, तो मी पाहिला. लाइट आली. लाइट आल्यावर डबा दोन मिनिटं थांबतो आणि मग मोटार चालू करतो. ती दोन मिनिटं माझ्या हातात होती. मला वाटलं, एव्हाना बांधून झालं असेल. मी चाकू उलटा करून दुसऱ्या बाजूला धार लावायला घेतली.

ती ओरडली नाही. मोटारीचा आवाज आला, पाइपात पाणी चढलं, तेव्हा मी मान वर केली. शेजारच्या शेतवाल्याच्या गाडीत घालून तिला धुळ्याला नेलं. डॉक्टरने मनगट धरलं आणि लगेच सोडून दिलं.

आम्हाला एकच पोरगी. जळगावला इंजिनियर आहे, लग्न व्हायचं आहे. ती नोकरीला आहे तिथे हेच डबे बनतात. डब्याने काय केव्हा करायचं ते आत लिहून भरलेलं असतं, त्याला प्रोग्राम म्हणतात. सिमवर आलेला निरोप वाचायचा, त्यातून काय करायचं ते समजून घ्यायचं, तो भाग तिच्या हातचा. आमच्या विहिरीवरचा डबा पहिल्या मालातला होता. तिने स्वतः आणून बसवला होता. तेव्हा तिची माय तिला म्हणाली होती, "तुना बापले आळशी करी टाकशी तू."

ती जळगावहून थेट धुळ्याला आली. मायचं तोंड पाहिलं, पदर नीट केला, मग बाहेर येऊन माझ्यापुढे उभी राहिली.

"आबा, ऑटो चालू होतं का?"

"नव्हतं," मी म्हणालो. "मी काढलं होतं. तुझ्या मायनं जाताना विचारलंही. मी सांगितलं, काढलंय."

"मग मोटार कशी लागली?"

"ते तू सांग. डबा तुझा."

माय गेल्याचं दुःख तिच्या तोंडावर होतंच. त्याच्यावर दुसरं काहीतरी येऊन बसलेलं मी पाहिलं. मला त्या घडीला बरं वाटलं. जे लिहायचं ते खरं लिहायचं म्हणून लिहितो. माझ्या छातीवरचा धोंडा कोणीतरी उचलून नेत होतं आणि कोण नेतंय ते मला दिसत होतं.

दहाव्याला तिचे दोन्ही मामा आले. धुळ्याच्या पलीकडे त्यांचं गाव. बहिणीवर त्यांचा जीव होता आणि माझ्यावर त्यांचा राग लग्नापासूनचा. थोरल्याने विचारलं, कसं झालं. मी पोरीकडे हात केला. "हिच्या डब्यानं खाल्ली."

थोरला तिच्याकडे वळला. "भाची, तू डबा आना का तुनी मायनं मरन आनं?"

तिने मान खाली घातली. त्या दिवसानंतर मामांनी तिच्याशी बोलणं टाकलं. तिच्यासाठी स्थळ बघायचं त्यांनी हाती घेतलं होतं, तेही टाकलं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मयताच्या नावाची घागर भरतात. पहिली घागर म्हणून मामा आले. पोरगी खरबूज आणि आंबे घेऊन पुढे झाली तर धाकटा म्हणाला, "तू हात लावू नको." ती दारात उभी राहिली. घागरीवर आंबा ठेवायचा तो मी ठेवला. माझे हात चालत होते.

कंपनीचा मालक भेटायला आला होता एकदा. चहा घेतला, इकडचं तिकडचं बोलला आणि मग म्हणाला, "काका, राग मानू नका, पण ऑटो राहून गेलं असेल. सगळ्यांचंच राहतं."

मी तोंड उघडायच्या आधी पोरगी बोलली. "सर, माझे आबा रागीट आहेत, तोंडाचे वाईट आहेत, पण खोटं बोलत नाहीत."

तो गेला त्या संध्याकाळी मी माझा फोन विहिरीत टाकला. ऑटो चालू केलं की डबा तसा निरोप पाठवतो. अपघाताच्या सकाळी मी ऑटो लावलं त्याचा निरोप फोनमध्ये पडून होता. तो पुसायचा कसा ते मला येत नव्हतं, आणि ज्याला विचारावं त्याने तो आधी वाचला असता. पोरीला वाटलं दुःखात टाकला. डब्यातही काही उरलं नव्हतं. बायको गेली त्याच दिवशी वायरमनने त्याची बॅटरी उपसली होती, आणि बॅटरी निघाली की डबा सगळं विसरतो.

आता तिचा शोध सुरू झाला. शनिवारी संध्याकाळच्या बसने ती घरी यायची, रविवारभर बसायची. ओसरीवर पाट, पाटावर लॅपटॉप, शेजारी तो डबा उघडून पोट फाडल्यासारखा ठेवलेला. समजावून सांगायला तिला दुसरं माणूस नव्हतं. मी चौथी शिकलेला. पण तिची माय असती तर तिला सांगितलं असतं, आता माय नव्हती, म्हणून मला.

"आबा, प्रोग्रामला मेमरीत वाफे पाडून मिळतात. कांद्याला पाडता तसे. एका वाफ्यात निरोप ठेवायचा, दुसऱ्यात ऑटो चालू की बंद ते ठेवायचं. निरोप वाफ्यापेक्षा मोठा आला, तर?"

"बांध फुटेल. शेजारी पाणी जाईल."

"आवाज होतो का?"

"वाफा फुटल्याचा कसला आवाज?"

"तेच. इथेही होत नाही. शेजारचा वाफा बिघडतो आणि डबा तसाच चालत राहतो. बिघाड दिसतो तेव्हा कुठून पाणी फुटलं ते कळत नाही."

अशी फूट पकडणारा एक पहारेकरी जगात आहे, ती म्हणाली. तिने केलेला नाही, फुकट मिळतो. माणूस प्रोग्राम लिहितो तो माणसाला वाचता येईल असा असतो. त्याचं मशीनच्या बोलीत रूपांतर करणारा वेगळा प्रोग्राम असतो, त्याला कंपायलर म्हणतात. हा पहारेकरी त्या कंपायलरमध्ये बसतो. रूपांतर करतानाच प्रत्येक लिहिण्या-वाचण्याच्या आधी तो एक सवाल टाकून देतो: हा वाफा तुझा आहे का? दोन वाफ्यांच्या मध्ये तो कोरडा पट्टा सोडतो. पट्ट्यावर पाणी आलं की बोंब मारतो. कुठला वाफा कोणाचा याची नोंद तो वेगळ्या जागी ठेवतो, दर आठ घरांमागे एक घर नोंदीचं. त्या नोंदीच्या जागेला ती सावली म्हणायची.

"मग लाव की. बोंब मारेल."

"लावला. माझ्या लॅपटॉपवर डब्याचा प्रोग्राम चालवून पाहिला. गप्प बसला."

"म्हणजे तुझं काही चुकलं नाही."

"तसं नाही, आबा. लॅपटॉप वेगळा, डबा वेगळा. फूट डब्यातच होत असेल. पहारेकरी डब्यात बसवायला पाहिजे. आणि तो डब्यात बसत नाही."

"का?"

"तो मोठ्या वाड्यांसाठी केलेला आहे. सावली कुठे ठेवायची तो आकडा त्याच्या हाडात कोरलेला आहे. मोठ्या कॉम्प्युटरवर त्या आकड्यावर नुसतं माळरान असतं. डब्यातल्या चिपवर तिथे काय आहे कोणास ठाऊक."

तिथे काय आहे ते एका रविवारी कळलं. तिने पहारेकरी तसाच डब्यात भरला आणि बॅटरी लावली. डब्याच्या आत रिले असतो, मोटार चालू-बंद करणारा खटका. तो वाजायला लागला. खट्, खट्, खट्. पहारेकरी आपली नोंद लिहायला गेला आणि त्या आकड्यावर नेमका खटक्याचा कप्पा होता. तो लिहीत होता आणि मोटार लागत होती, सुटत होती. मोटार नव्हती तिथे, फक्त खटका. मी भाकर खात होतो. उठलो, डबा उचलला आणि अंगणात फेकला.

"मायला मारून पोट नाही भरलं तुझं? घरात आणून वाजवतेस?"

ती अंगणात गेली, डबा उचलला, फुंकून धूळ काढली. एक वायर तुटली होती. ती तिने बसून जोडली. मी ताटावर परत बसलो आणि उरलेली भाकर खाल्ली.

पुढचे तीन-चार महिने तिने त्या पहारेकऱ्याचं हाड मोडून नवं बसवलं. मला जेवढं समजलं तेवढं सांगतो. जे जे मशीनवर अवलंबून होतं ते तिने बाहेर काढून एका पानावर आणलं: सावली कुठे ठेवायची, केवढी ठेवायची, पहारा कुठल्या हद्दीत करायचा, आणि बोंब कशी मारायची, कारण डब्याला पडदा नाही की तोंड नाही. बाकीचा पहारेकरी सगळीकडे तोच. नवी चिप आली की तेवढं एक पान नव्याने लिहायचं.

"म्हणजे कोतवाल तोच, खोली ज्या त्या गावाने द्यायची," मी म्हणालो.

"बरोब्बर," ती म्हणाली आणि माझ्याकडे पाहत राहिली. तिच्या मायकडे पाहायची तशी.

मी म्हणालो, "एवढी अक्कल आधी चालवली असती तर माय बसली असती इथे."

बोलणं सुचलं की ते मी सोडत नाही. ती परत पाटावर वाकली.

डब्यात जागा थोडी. सगळ्या प्रोग्रामवर एकदम पहारा बसवायचा तर सावलीच मावत नव्हती. म्हणून तिने तुकडे केले. आज या भागावर पहारा, पुढच्या रविवारी त्या. बोंब मारायला एक तार काढून लॅपटॉपला जोडली. कंपनीने वेळोवेळी जी चिप बाजारात मिळेल ती घेऊन डबे केले होते, तीन तऱ्हेच्या चिपा. तिने तिन्हींची पानं लिहिली. पहिल्या दोन नव्या डब्यांतल्या, तिसरी आमच्या विहिरीवरच्या डब्यातली, सगळ्यात जुनी, सगळ्यात चिमुकली. ती शेवटी ठेवली होती. का ठेवली होती ते मी विचारलं नाही. ती वाळत चालली होती. शेजारची म्हातारी मला म्हणाली, "आबा, पोर जेवत नही. आंडेर शे तुमनी, का दुश्मन शे?" आंडेर म्हणजे लेक. मी म्हणालो, "तुझ्या घरचं बघ."

मला एकच हवं होतं. पहारेकऱ्याने ओरडावं. तो ओरडला म्हणजे कागदावर लिहिलं जाईल की डब्याने मारलं. पुढे पुढे मलाच वाटायला लागलं होतं की मी चार दाबला होता. बाईचा आवाजही आठवायचा, 'ऑटो बंद झाले आहे.' मग पिशवी आठवायची, बाभळीला टांगलेली, गाठ न सोडलेली.

ज्येष्ठातला रविवार होता, ऊन मरणाचं. पहिल्या चिपवर पहारेकरी गप्प होता, दुसरीवर गप्प होता. तिसरीला तिने निरोप पाठवायला सुरुवात केली. छोटे, मोठे, इंग्रजी, मराठी. दुपारी चारच्या सुमाराला लॅपटॉपवर एकदम ओळी उमटल्या आणि थांबल्या. डबा मेल्यासारखा गप्प झाला. पहारेकरी तसंच करतो, फूट दिसली की जागेवर थांबवतो.

ती बराच वेळ वाचत होती. मग तिने मला हाक मारली नाही, तशीच सांगायला लागली, डब्याकडे बघून.

"रिचार्जची जाहिरात. मराठीतली. मराठी अक्षराला इंग्रजीच्या दुप्पट जागा लागते. बाकीच्या चिपांवर मोठा निरोप तुकडे होऊन येतो. या जुन्या चिपवर अख्खा येतो. मी मोजताना इंग्रजी धरलं. चौदा घरं जास्त लिहिली गेली. आणि शेजारचा वाफा..."

"कशाचा?"

"ऑटोचा."

मी उघड्या डब्याकडे पाहिलं.

"जाहिरात आली की ऑटो आपोआप चालू व्हायचं, आबा. तुम्ही बंद केलं तरी. तुम्ही केलंच होतं बंद. जाहिरात आली, ऑटो लागलं, लाइट आली." तिने लॅपटॉप मिटला. "मीच मारलं मायला. आता नक्की झालं."

ती उठली, माझ्यापुढे आली आणि वाकून माझ्या पायांवर डोकं ठेवलं. मी पाय मागे घेतले नाहीत. डोकं गरम लागत होतं. मी तिच्या केसांत पांढरा एक केस पाहिला आणि तरी बसून राहिलो.

वर होऊन तिने तोंड पुसलं. बोलणं अगदी सरळ, हिशेबी. उद्या सोमवारी कंपनीत जाऊन सांगणार, तिसऱ्या चिपचे सगळे डबे विहिरींवरून उतरवायचे. मंगळवारी आमच्या तालुक्याला, अमळनेरला, येऊन पोलिसांत लेखी देणार.

"काय देणार?"

"की माझ्या चुकीने माणूस मेलं."

"पोलीस काय करतील?"

"काय करायचं ते करतील. मला मोकळं व्हायचंय."

पहारेकरी ओरडला होता. मला जे हवं होतं ते मिळालं होतं, कागदावर. तिने पिशवी भरायला घेतली, साडेपाचच्या बसने जायचं होतं. मी ओट्यावर बसलो होतो, ती चप्पल घालत होती, तेव्हा मी बोललो.

"ऑटो चालू होतं."

"हो ना, जाहिरातीनं..."

"जाहिरात गेली खड्ड्यात. मी चालू ठेवलं होतं, सकाळपासून. तुझ्या मायनं विचारलं, मी खोटंच सांगितलं काढलंय म्हणून. फोनमध्ये निरोप होता म्हणून फोन विहिरीत टाकला."

तिने चप्पल घातली. माझ्याकडे पाहिलं. आणि तिच्या तोंडावर जे आलं ते पाहून मला मारल्यासारखं झालं. माया आली होती.

"आबा," ती म्हणाली, "माय म्हणायची, तुझ्या बापाला गोड बोलता येत नाही. आज पाहिजे होती ऐकायला."

"गोड काय त्याच्यात, गाढवे? मी खरं सांगतोय."

"सात महिने मला डब्यावरून बोललात. आज पुरावा हातात आला तर स्वतःवर घेताय. मला कळतं, आबा."

"फोन..."

"फोन तुम्ही रडता रडता टाकला होता. मी पाहिलंय."

रडलो असेन. मी शिव्या दिल्या. ती हसली, रडत हसली, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि बसला गेली. आयुष्यात एकदा खरं बोललो आणि ते तिने माझा चांगुलपणा म्हणून घेतलं. आता पहारेकऱ्याचा कागद मलाच खोटं पाडत होता. कितीही सांगितलं असतं तरी तिने प्रत्येक वेळी मला जास्त चांगला केला असता आणि मंगळवारी पोलिसांत गेली असती.

माझ्याबद्दल वाईट सांगितलं तर पुरावा न मागता खरं धरतील, अशी दोनच माणसं जगात होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या बसने मी धुळ्याला उतरलो आणि तिथून काळीपिवळीने सासरवाडीला. थोरला शालक अंगणात खाटेवर बसला होता, धाकटा म्हशीला चारा टाकत होता. मला पाहून थोरला उठला नाही, पण घरात हाक दिली, "पाव्हणा ऊना, पानी आना वं."

"पाणी राहू द्या," मी म्हणालो. "आधी ऐका. तुमनी बहीन मी मारी टाकी."

उभ्याउभ्या सगळं सांगितलं. काही झाकलं नाही. बायका दारात आल्या. लाल दिवा पाहिल्याचं सांगितलं तेव्हा धाकट्याने हातातली पेंढी टाकली आणि माझ्या अंगावर आला. शर्टाची दोन बटणं गेली, कानावर एक बसली. थोरल्याने त्याला दंड धरून मागे ओढलं.

"आंडेरले सांगं?" त्याने मला विचारलं.

"काल सांगं. ती मानत नही."

"आम्हीन मानतस," थोरला म्हणाला.

त्याने फोन काढला आणि भाचीला लावला. तो कानाला न लावता तळहातावर आडवा धरला, सगळ्यांना ऐकू जावं म्हणून. पहिल्याच रिंगला तिने उचलला.

"मामा?" ती म्हणाली. सात महिन्यांनी तिला मामाचा फोन आला होता. "मामा, तुम्हीन?"

"तुना बाप आठे शे," तो म्हणाला. "तो काय बोलस ते ऐकी ले. आनि धाकलानी त्याले मारं शे, तेबी ऐकी ले."

फोन त्याने माझ्या तोंडापुढे धरला. मी परत सांगितलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. मध्ये ती एकदाही बोलली नाही. मागे कोणाच्या तरी बोलण्याचा, यंत्रांचा आवाज येत होता, ती कामावर पोचली असावी. मार खायला कोणी चांगुलपणाने जात नाही, हे तिला समजत असलं पाहिजे, कारण या वेळी तिने मला आबा म्हटलं नाही.

मी संपवलं. 

"मामा," ती म्हणाली, "ऐकलं. मी पोलिसांत जात नाही. डब्यांतली चूक खरी आहे, ते उतरवायचेत, मला आत जायचंय." मला काही म्हणाली नाही. फोन बंद झाला.

धाकट्याच्या बायकोने भरून आणलेला तांब्या तसाच उचलून आत नेला.

"परतीनी बस अकरानी शे," थोरला म्हणाला आणि खाटेवर पाय वर घेऊन बसला.

तेव्हा नऊ वाजायचे होते. मला 'बसा' म्हणायचं कोणाला कारण नव्हतं. मी उरलेली बटणं लावली आणि फाट्यावर जाऊन उभा राहिलो.